चार वाजता नेट जातं

जगात आजवर जे काही बिघडलं ते वरच्या अंगाला बसलेल्या कुणीतरी चोरी केल्यामुळेच बिघडलं, अशी आमच्या शेजारच्या काकाजींची श्रद्धा आहे, आणि या श्रद्धेपायी त्यांनी निदान पन्नास निरपराध माणसांवर संशय घेतला आहे. नळाला पाणी बारीक आलं, तर वरच्या घरानं मोटर लावली. पंखा हळू फिरला, तर डीपीजवळच्या कुणीतरी तारेवर आकडा टाकला. पंगतीत आपल्यापर्यंत येता येता बुंदी संपली, तर वाढणाऱ्याचे सासरचे लोक पहिल्या पाटांवर बसलेत. एकदा डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजून तो जरा कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा दंडावरचा पट्टा सुटायच्या आत काकाजींनी विचारलं होतं, "मंग वर पाह्यलं काय तुमी? हेडले?" आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं होतं. डॉक्टर गावात नवीन होते. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लिहून दिलं.

हा सगळा नोकरीचा दोष. काकाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आमच्या आंजी गावाच्या आसपासच्या नहरीवरून ते उभा जन्म हातात काठी घेऊन चालत आले. पाणी सुटतं ते हेड आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधाशी पोचतं ते टेल, अशी त्यांच्या जगाची दोन टोकं. मधे जो कुणी असेल तो संशयित. "टेलवाल्याले पानी भेटलं तं नहर, नाई तं नाली," हे वाक्य त्यांनी माझ्या मुंजीतही म्हटलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रस्त्यानं चालताना ते अजून कडेकडेनं, काठावरून चालल्यासारखे चालतात. अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं तर फाटकाजवळच्या शेवटच्या सदाफुलीपासून सुरुवात करतात आणि नळाशेजारची जास्वंद तहानलेली राहते. सत्यनारायणाचा प्रसाद त्यांच्या हाती दिला, की ते पाटावर बसलेल्या यजमानाला ओलांडून थेट दाराबाहेर चपलांजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे जातात. प्रसाद संपेपर्यंत यजमानाचा नंबर लागेलच असं नाही.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना चाळीस वर्षांची दोस्ती. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. काकाजी त्यांना मास्तर म्हणत आणि दिवसातून एकदा तरी त्यांचं गणित चूक असल्याचं सिद्ध करत. रोज दुपारी चारला काकाजींच्या हातचा चहा व्हायचा, आणि तो प्यायला वडील तिकडे जायचे. काकाजींना मूलबाळ नाही, काकू फार वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे चहा हीच त्यांची गृहस्थी. चहा झाल्याची वर्दी ते नहरीच्या पल्याडच्या माणसाला हाक मारायच्या आवाजात देत. "मास्तऽऽर! चाय झाला बेऽऽ!" ही हाक अर्ध्या गावाला ऐकू जायची, आणि वडिलांबरोबर आणखी चार जण चहाला हजर व्हायचे. पुढे मी पुण्याला नोकरीला गेलो, आणि सुट्टीत आलो की ही हाक ऐकू येईनाशी झाली. वडील मात्र चारच्या ठोक्याला न चुकता उठून जायचे. मला वाटलं, वयोमानानं दोघांना शहाणपण आलं असेल. तसं काही झालेलं नव्हतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात वडील गेले. आईला मी पुण्याला चल म्हणालो. ती म्हणाली, "पुन्याले मले बोलाले कोन हाय?" खरं तर पुण्यात मलाही बोलायला कुणी नव्हतं. माझी कंपनी ड्रोननं काढलेल्या फोटोंचे जमिनीचे नकाशे करते. मोठमोठ्या फायली उतरवायच्या, जोडायच्या, परत चढवायच्या. हे काम घरून होतं, म्हणून मी आंजीला आलो. ऑफिसातल्या मॅडमनी परवानगी दिली ती तीन महिन्यांची, आणि तीही, "तिकडे नेट असतं ना?" असं विचारून. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. नेट होतंच. वडील आणि काकाजी यांनी सहा-सात वर्षांपूर्वी दोन घरांत मिळून एकच कनेक्शन घेतलं होतं. खांब काकाजींच्या बाजूला, म्हणून नेटची पेटी काकाजींच्या घरात, आणि तिथून एक वायर भिंतीतून आमच्याकडे, वडिलांच्या खोलीत. म्हणजे काकाजी हेड आणि आम्ही टेल. या मांडणीवर काकाजी फार खूष असत.

मी आल्या आल्या प्लॅन वाढवून तीनशे एमबीपीएस वेगाचा केला. काकाजींच्या पेटीजवळ मोजलं तर तीनशे भरायचे. आमच्या टेबलाशी मोजलं तर चौऱ्याण्णव, आणि कधी फार लाडात आलं तर पंचाण्णव. आणि यापेक्षा वाईट म्हणजे रोज दुपारी चार वाजता ते अजिबातच जायचं. दोन-तीन मिनिटं जायचं, पण कंपनीच्या कुलुपातून आत शिरायला पुन्हा दहा मिनिटं लागायची, आणि आमची रोजची मीटिंग नेमकी चारची. पहिल्या आठवड्यात मॅडम काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही रोज चारला अदृश्य होता. चहाला जाता का?" तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारी झोपायची पद्धत आहे का?" पुण्याच्या माणसानं हे विदर्भातल्या माणसाला विचारावं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर एक तारखेला ऑफिसात दिसा. एक तारखेला ऑफिसात दिसणं म्हणजे आईला इथे एकटं टाकून जाणं. मी हे काकाजींना सांगितलं, आणि तिथून माझ्या आयुष्यातला अत्यंत धकाधकीचा महिना सुरू झाला.

काकाजींनी प्रकरण ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चोरी हाय." मग त्यांनी वर्ध्याहून नेटवाल्याला बोलावून घेतलं. तो बिचारा हातात यंत्र घेऊन आला, तर काकाजींनी त्याला आधी खुर्चीवर बसवलं आणि साक्ष घेतल्यासारखं विचारलं, "तुमचं हेड कुठी हाय?"

"वर्ध्याले, काकाजी."

"अन् वर्ध्याच्या वर?"

"नागपूर."

"अन् त्याच्याई वर?"

"मंबई असंन आता, मले काय माहीत."

"मंग मंबईवालेच मोटर लावून राह्यले," काकाजी म्हणाले. नेटवाल्यानं काकाजींच्या पेटीला यंत्र लावून दाखवलं. पूर्ण तीनशे. तो म्हणाला, की आमच्याकडून काही दोष नाही, तुमच्या आतल्या वायरीत पाहा, नाहीतर ती बदलून टाका. हे शब्द ऐकल्याबरोबर काकाजी उभे राहिले. "थे वायर मी अन् मास्तरनं सोता टाकली हाय. नागपूरहून आनली. वायरले बोलाचं काम नाई." मी हळूच विचारलं, की मग आमच्या घरासाठी वेगळं कनेक्शन मिळेल का. नेटवाला म्हणाला, की खांबावरचा डबा भरलाय, दोन महिने तरी जागा नाही. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या नहरीतून बाहेर पडून विहीर खणायला निघालो होतो. चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, मात्र नेटच्या चौकशीपुरतं ते रोज दोन तास बोलत होते.

माझ्या परीनं मी करायचं ते केलं. पेटी बंद करून चालू केली. टेबलाकडची छोटी वायर बदलली. लॅपटॉप बदलून पाहिला. पेटीतलं भोक बदललं. काकाजी या सगळ्याकडे, वैदू झाडपाला वाटताना डॉक्टर पाहतो तसे पाहत. मग त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. पहिल्यांदा त्यांनी नेटची पेटी टेबलावरून उचलून माळ्यावर नेऊन ठेवली, कारण त्यांचं म्हणणं, हेड उंच असल्याशिवाय टेलला जोर येत नाही. मी म्हटलं, "काकाजी, हे पाणी नाही." ते म्हणाले, "धावते ना? मंग उताराले धावंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीपर्यंतची वायर हातानं ओढून सरळ केली, कारण वळणावर गाळ साचतो. तिसऱ्या दिवशी ते पाळीपत्रक घेऊन आले. नहरीचं पाणी कुणाला कोणत्या वेळी, हे जसं लिहून लावतात, तसं त्यांनी आमच्या दोन घरांतल्या सगळ्या मोबाइलांचं वेळापत्रक रूळ मारलेल्या कागदावर लिहून दारामागे चिकटवलं. आईच्या भजनांना सकाळी सात ते आठ. काकाजींच्या बातम्यांना आठ ते साडेआठ. माझ्या ऑफिसला दहा ते सहा. फक्त दुपारी चार ते साडेचार अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, इथे लिहायचं राहिलं. ते म्हणाले, "राहू दे थे." पाळीपत्रकानं वेगात काडीचाही फरक पडला नाही. आईनं मात्र त्याचा धसका घेतला, आणि आठला दोन मिनिटं कमी असताना ती भजनातल्या देवाला अर्ध्यावर सोडायला लागली.

चौथा उपाय म्हणजे रजिस्टर. खात्यातून निवृत्त होताना आणलेलं लांबडं रजिस्टर त्यांनी काढलं आणि हेड, टेल, वेळ, शेरा असे रकाने आखले. दिवसातून सहा वेळा हेडला ते मोजायचे, टेलला मी. शेऱ्याच्या रकान्यात काकाजी जे लिहीत ते वाचून मला पोलीस येतील की काय अशी भीती वाटायची. "चार वाजता प्रवाह बंद. गल्लीतून काळी बकरी जाताना दिसली." "चार वाजता प्रवाह बंद. मागच्या ग्रामसेवकानं मोटर चालू केली." मागच्या घरातले निवृत्त ग्रामसेवक खरंच चारला बागेची मोटर चालू करायचे, आणि त्यांचं घर चढावर होतं. काकाजींना आणखी पुरावा नको होता. त्यांनी ग्रामसेवकांशी बोलणं बंद केलं. ग्रामसेवकांचं आणि त्यांचं आधीपासूनच फारसं बोलणं नसल्यामुळे हे ग्रामसेवकांच्या लक्षात आलं नाही.

मग काकाजींनी पहारा सुरू केला. दुपारी तीन वाजता डोक्याला पंचा बांधून, काठी घेऊन ते भिंतीजवळ खुर्ची टाकून बसत आणि वायर जिथे भिंतीत शिरते तिथे नजर लावत. बकरी आली तर काठी आपटत. कबुतर बसलं तर ते कुणाचं आहे याचा विचार करत. तीन ते चारला पाच कमी असेपर्यंत वायरीला वाऱ्याचाही धक्का लागत नसे. चारला पाच कमी असताना ते उठून आत जात, कारण चहाची वेळ झालेली असे, आणि चारला नेट जाई. "पाह्य," ते मला दुसऱ्या दिवशी सांगत, "मी उठलो अन् त्यानं डाव साधला. चोराले मायी चायची टाईम माहीत हाय." मी सुचवलं, की एक दिवस चहा पाचला करा. काकाजींचा चेहरा बदलला. "चारचा चाय चारले," ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून आत गेले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. इथे माझी नोकरी अन् आईचं एकटेपण पणाला लागलेलं, आणि या माणसाला अर्धा तास चहा पुढे ढकलवत नाही. मी आईजवळ तसं बोललोही. आई तांदूळ निवडत होती. ती नुसती म्हणाली, "राहू दे. त्याइची आदत हाय."

महिना संपत आला तेव्हा काकाजी गिरडला गेले. दरवर्षी ते एकदा टेकडीवरच्या बाबांच्या दर्ग्याला जातात, चादर चढवतात, आणि अल्लीपूरला बहिणीकडे जेवून संध्याकाळी परत येतात. या खेपेला आमच्या नेटसाठी साकडं घालणार असं त्यांनी जाहीर केलं होतं. दुपारी दोनला त्यांचा टेकडीवरून फोन आला, की इथे मोबाइलला चारही काड्या आहेत, तू लॅपटॉप घेऊन इकडेच येजो. मी येत नाही म्हटलं. चार वाजले. मीटिंग सुरू झाली. चार वाजून पाच झाले, दहा झाले, नेट गेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "अरे वा, आज तुम्ही आहात!" संध्याकाळी मी काकाजींना हे सांगितलं. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "म्हंजे चोरई गिरडले गेलता." दुसऱ्या दिवशी काकाजी घरी होते. चारला नेट गेलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बकरीची दया आली, आणि माझ्या डोक्यात वेगळाच विचार आला. शनिवारी मीटिंग नसते. एरवी चारला माझ्या कानांवर मोठे हेडफोन असतात, त्या दिवशी मी ते काढून ठेवले आणि लॅपटॉपच्या वायरीच्या तोंडाशी जो बारीकसा पिवळा दिवा असतो त्याच्याकडे पाहत बसलो. घड्याळात चार झाले. खोलीच्या कोपऱ्यात वडिलांचं लोखंडी कपाट आहे, जुन्या उत्तरपत्रिका आणि नकाशांनी भरलेलं. त्याच्या मागून आवाज आला. टुकटुकटुकटुक, लांब. मग पुन्हा लांब. मग एक छोटा टुक. आणि पिवळा दिवा विझला.

कपाट हलवायला मला आईला बोलवावं लागलं. मागे भिंतीवर लाकडी पाटी होती, आणि वडिलांच्या सुबक अक्षरांत तिच्यावर लिहिलं होतं, "जाणारी" आणि "येणारी". पाटीवर विजेची छोटी घंटा होती, तिची पितळी वाटी काढून घेतलेली, म्हणून तिचा दांडा नुसता हवेत टुकटुकत होता. शेजारी एक बटण. आणि काकाजींकडून आलेली आमची ती थोर वायर तिथे सोललेली होती. तिच्यात आठ तारा असतात. चार पुढे माझ्या टेबलाकडे गेल्या होत्या. उरलेल्या चारांतल्या दोन घंटेला आणि दोन बटणाला जोडल्या होत्या. मला माहीत होतं, की चार तारांवर शंभराच्या वर वेग जाऊच शकत नाही, आणि घंटेचा झटका शेजारून गेला की उरलेल्या चारही दचकणार. सगळा महिनाभराचा गुंता माझ्यासमोर चार स्क्रूंनी ठोकलेला होता. आई म्हणाली, "हे घंटी होय? मले वाटलं तुले माहीत हाय." घंटेची वाटी तिनंच काढली होती, वडिलांच्या शेवटच्या दिवसांत, त्यांची झोपमोड नको म्हणून. ती सध्या हिंगाच्या डबीवर झाकण म्हणून होती.

"म्हणजे तुला हा आवाज रोज ऐकू येतो?"

"येते ना. रोज चारले. बोलावून राह्यले तं बोलावू दे म्हटलं. त्याचा अन् नेटचा काय संबंध?"

काय करावं ते न सुचून मी ते बटण दाबलं. एकदाच, थोडंसं. भिंतीपलीकडे काकाजींच्या घरात घंटा खणखणीत वाजली, आणि लगेच काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी धावत गेलो. काकाजी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभे होते. खाली पातेल्याचं झाकण गोल फिरत होतं. मागे गॅसवर चहा उतू जात होता, आणि काकाजींचा चहा उतू गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता. ओट्यावर दोन कप मांडलेले होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा श्वास जाग्यावर आला. "तू होय काय बे," ते म्हणाले. मग गॅस बंद केला, झाकण उचललं, आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले. दोन लांब, एक बारीक म्हणजे चाय झाला. तिकडून एक बारीक म्हणजे येतो. नुसतं एक लांब म्हणजे पाहुणे आले, येऊ नको. वायर टाकली तेव्हा नेटवाल्यानं सांगितलं, की आठांतल्या चारच तारा कामाच्या, बाकीच्या तशाच. "मंग मास्तरले म्हटलं, चार जन काम करून राह्यले अन् चार जन बसून राह्यले, हे काय सरकारी हाफिस हाय? लावा त्याइले कामाले. गावभर आरडा तरी बंद होईन."

मी म्हटलं, "काकाजी, पण आता रोज बटण कशाला दाबता?"

"मेली घंटी दाबाले काय जाते?" ते म्हणाले. "आवाज येत नव्हता. मले वाटलं, वाजतच नाई. वाजत नाई तं कोनाले तरास हाय? दाबतो. दोन कप मांडतो. एक पेतो." मग म्हणाले, "आज तिकून वाजली. एक बारीक."

मला ते बटण दाबल्याची लाज वाटली. त्यांनी उरलेला चहा दोन कपांत ओतला, आणि वडिलांच्या कपातला मी प्यायलो. मग मी त्यांना चार तारांचं आणि घंटेच्या झटक्याचं सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते. शेवटी उठले, लांबडं रजिस्टर काढलं, बकरीचं नाव खोडलं, ग्रामसेवकांचं खोडलं, मुंबईही खोडली, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून त्याखाली सही केली. "चोर हेडलेच होता," ते म्हणाले. "मी म्हनतच होतो."

रविवारी ते पकड आणि चिकटपट्टी घेऊन स्वतः आले. मी म्हटलं, घंटेसाठी वेगळी वायर टाकू. ते म्हणाले, "वाजवाले कोन हाय इकून? तुयी नोकरी पाह्य." आधी त्यांच्याकडचं टोक आम्ही नीट जोडून आलो, मग आमच्या कपाटामागे मांडी घालून त्यांनी घंटा सोडवली, बटण सोडवलं, आणि मी सांगेन त्या रंगाची तार त्या रंगाला, अशा आठही तारा नवीन सॉकेटात बसवल्या. शेवटची तार दाबताना ते तारेशीच बोलले, "बसेल नव्हते बाप्पा हे चौघं. आपली पाळी पाहून राह्यलते." पिवळा दिवा गेला आणि हिरवा लागला. मी मोजलं. दोनशे ब्याण्णव. मी ओरडून आकडा सांगितला, पण काकाजी वडिलांच्या अक्षरांतली ती लाकडी पाटी सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. त्यांनी रजिस्टरात आकडा भरला नाही. आईनं हिंगाच्या डबीवरची पितळी वाटी घासून त्यांच्या हातात दिली. जाताना ते ग्रामसेवकांकडे माफी मागायला गेले, आणि आपल्यावर महिनाभर संशय होता हे ग्रामसेवकांना त्या दिवशी कळून त्यांचं मोठं भांडण झालं.

सोमवारी चारला मीटिंग अखंड झाली. मॅडम म्हणाल्या, की आता तिकडेच राहा, हरकत नाही. ती संपवून पाचला मी काकाजींकडे गेलो. दोन कप मांडलेले होते, चहावर साय धरलेली. "पाळी चुकली तुयी," असं म्हणून त्यांनी तो पुन्हा गरम केला. गरम केलेला चहा म्हणजे शिळी बातमी, असं ज्यांनी वडिलांना चाळीस वर्षं ऐकवलं होतं, त्यांनी तो माझ्याबरोबर मुकाट्यानं प्यायला. दुसऱ्या दिवशी दारामागच्या पाळीपत्रकात चार ते साडेचारच्या ओळीवर त्यांनी रेघ मारली होती आणि खाली पाच ते साडेपाच अशी नवी ओळ लिहून तिच्यासमोर माझं नाव घातलं होतं.

मी रोज पाचला जातो. काकाजी माझंही गणित चूक काढतात, आणि घरात सगळ्यात आधी मला, म्हणजे टेलला, कप देतात. नोकरी राहिली, आईजवळ राहायला मिळालं, नकाशे भराभर उतरतात, तक्रार करायला जागा नाही. पण चार वाजायला आले की मीटिंगमध्ये माझं लक्ष राहत नाही. मी हेडफोन एका कानावरून जरा सरकवतो आणि त्या हिरव्या दिव्याकडे पाहत बसतो. तो विझत नाही. एखाद्या दिवशी तरी विझावा, असं मला फार वाटतं.